हळदीचा शोधनिबंध फुकटात कसा मिळवायचा, आणि मिळाल्यावर काय करायचं

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट फार हळू आहे. तळमजल्यावरून सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत शेजारच्या काकूंचा एक फॉरवर्ड आरामात वाचून होतो. गेल्या पावसाळ्यात तो हळदीचा होता: ‘संशोधनाने सिद्ध! रोज हळद घ्या, शुगर होणारच नाही.’ काकूंची शुगर काठावर आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. त्या चालतात कमी आणि असलं काही वाचतात जास्त. “तू लॅबमध्ये होतीस ना गं, बघ जरा खरंय का,” म्हणाल्या.

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये सव्वीस वर्षं काढली. पाकिटावर जे लिहिलंय तेच गोळीत आहे का, हे तपासायचं काम. शोधनिबंध मी कधी लिहिला नाही, पण वाचायची खोड लागली ती कायमची. तेव्हा काकूंच्या हळदीचाच माग काढत, ज्यांनी आजवर एकही शोधनिबंध उघडलेला नाही त्यांना वाट दाखवते. साधा फोन पुरतो. लॅपटॉप असेल तर डोळ्यांना बरं.

आधी खरं नाव शोधा

नवीन माणूस चुकतो तो इथेच. ‘हळद शुगर फायदे’ असं टाकलं की समोर येतात हळदीच्या कॅप्सूल विकणारे. शोधनिबंधांच्या जगात हळदीचं नाव कर्क्युमा लाँगा, आणि तिच्यातला पिवळा पदार्थ म्हणजे कर्क्युमिन. ही नावं रोमन लिपीत टाइप करावी लागतात, त्याला इलाज नाही. स्पेलिंग येत नसेल तर मराठी विकिपीडियावर ‘हळद’ उघडा, तिथे शास्त्रीय नाव मिळतं, ते कॉपी करा. शुगरसाठी ‘टाइप टू डायबिटीस’ किंवा ‘प्रीडायबिटीस’. काकूंची शुगर काठावरची, म्हणून मी दुसरा शब्द घेतला. त्या एका शब्दाने यादी कितीतरी आटोपशीर झाली.

आपल्या गावाबद्दल शोधताना आणखी एक गोम आहे. खाडीतल्या फ्लेमिंगोंवर मी शोधायला बसले तेव्हा जुनं काही हाती लागेना. मग लक्षात आलं की जुन्या लेखांत इंग्रजांच्या वळणाचं ‘ठाना क्रीक’ असतं आणि मुंबईचं ‘बॉम्बे’. दोन्ही स्पेलिंगांनी शोधा. पक्ष्याचंही तसंच. आपल्याकडे कुणी रोहित म्हणतं, कुणी अग्निपंख. निबंधात मात्र धाकटा फ्लेमिंगो फिनिकोनायास मायनर या नावानेच सापडतो.

कुठे शोधायचं

औषधं, आजार, पेशी, प्राणी असा विषय असेल तर पबमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सूची आहे, साडेतीन कोटींहून जास्त नोंदींची, आणि वापरायला दमडी लागत नाही. लॅपटॉपवर डाव्या बाजूला गाळण्या दिसतात, फोनवर त्या फिल्टरच्या बटणामागे लपलेल्या असतात. त्यातली ‘फ्री फुल टेक्स्ट’ ही खूण केली की पूर्ण मजकूर फुकट असलेलेच निबंध उरतात. याच ग्रंथालयाचं २००० साली सुरू झालेलं पबमेड सेंट्रल हे भांडार वेगळं. पबमेड म्हणजे ग्रंथालयातली कार्डं, पबमेड सेंट्रल म्हणजे खुद्द कपाट.

भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र, गणित यांच्यासाठी आर्काइव्ह. नावाच्या स्पेलिंगमध्ये मधेच एक एक्स येतो, तो ग्रीक ‘काय’ समजायचा. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये ते सुरू केलं, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी इंटरनेटचं नावही ऐकलं नव्हतं तेव्हा. जीवशास्त्राचं तसंच ठिकाण बायोआर्काइव्ह, २०१३ चं. सगळ्या विषयांसाठी गुगल स्कॉलर आहेच. ते फक्त नेहमीच्या गुगलपेक्षा निराळं पान आहे एवढं ध्यानात ठेवा.

भारतीय नियतकालिकं विसरू नका. बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं ‘रेझोनन्स’ अकरावी-बारावीच्या मुलांनाही झेपतं आणि फुकट आहे. वन्यजीवांसाठी कोइमतूरहून निघणारं ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ बघा. तिथे वाचकाकडून पैसे घेत नाहीत आणि लेखकाकडूनही नाहीत. हे दुर्मीळ आहे. ‘मोफत’ लिहिलेल्या बऱ्याच निबंधांमागे लेखकाच्या संस्थेने छपाईचं शुल्क भरलेलं असतं, आणि ‘नेचर’सारख्या ठिकाणी ते हजारो युरोंत जातं. आपल्याला फुकट मिळालं म्हणजे दुसऱ्या कुणीतरी बिल चुकतं केलं.

पैसे मागितले तर

काही वर्षांपूर्वी मी एका नियतकालिकाच्या पानावर पस्तीस डॉलर भरायला कार्ड काढलं होतं. ओटीपी यायचा बाकी होता. भाचा शेजारी बसून वडापाव खात होता. म्हणाला, “मावशी, थांब.” त्याने निबंधाचं नाव अवतरणचिन्हांत घालून स्कॉलरवर टाकलं, खालच्या ‘ऑल व्हर्जन्स’वर बोट ठेवलं, आणि लेखकाच्या विद्यापीठाच्या साइटवरची पीडीएफ उघडून दिली. तोच निबंध, तेच आकडे, फक्त छपाईची सजावट नाही. वडापाव संपायच्या आत काम झालं.

तेव्हा पैसे मागणारं पान दिसलं तर क्रम असा. आधी स्कॉलरवर सगळ्या आवृत्त्या बघा. लॅपटॉपवर ब्राउझरला अनपेवॉल नावाचं फुकटचं एक्स्टेन्शन जोडा. कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर पानाच्या कडेला हिरवं कुलूप दिसतं, त्यावर टिचकी मारायची. तेही जमलं नाही तर लेखकालाच मेल करा. पहिल्या पानावर त्याचा पत्ता असतो. मी कोण, कुठली, मला हा निबंध कशासाठी हवाय, अशी तीन वाक्यं पुरतात. मला आजवर नकार आलेला नाही. उत्तर न येणं दोनदा झालं. नियतकालिकाला भरलेल्या पैशातून लेखकाला काही मिळत नाही, त्यामुळे प्रत पाठवायला त्यांची ना नसते.

घरात कुणी सरकारी कॉलेजात किंवा विद्यापीठात शिकत असेल तर त्यालाही विचारा. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. मात्र ती सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. तुम्हाआम्हाला घरबसल्या तिचा उपयोग नाही, आणि हे मला खटकतं.

प्रत मिळाली की डीओआय टिपून ठेवा. दहाचा आकडा आणि टिंब यांनी सुरू होणारा तो लांबलचक नंबर म्हणजे निबंधाचा आधार कार्ड नंबरच. साइटचा पत्ता बदलतो, डीओआय बदलत नाही. आणि ‘संशोधन सांगतं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डमध्ये तो कधीच नसतो, बघा.

हा निबंध कोणत्या इयत्तेतला?

वाचायला बसण्याआधी हे बघायचंच. क्यूसीमध्ये नमुना हातात आला की आधी लेबल वाचायचं, मग झाकण उघडायचं. तसंच.

आर्काइव्ह आणि बायोआर्काइव्हवरचे निबंध बहुतेक प्रीप्रिंट असतात. म्हणजे लेखकांनी लिहिला आणि चढवला. त्याच विषयातल्या दुसऱ्या जाणकारांनी तो तपासून ‘हो’ म्हटलेलं नाही. प्रीप्रिंट वाईट नसतात, पण कच्चे असतात. २२ जुलै २०२३ ला आर्काइव्हवर दक्षिण कोरियातून दोन निबंध आले: शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजनपासून केलेला एलके-९९ हा पदार्थ साध्या तापमानाला, साध्या दाबाला अतिसंवाहक आहे. खरं असतं तर तारांमधून वीज कणभरही वाया न जाता गेली असती. आठवडाभर सगळीकडे चुंबकावर तरंगणाऱ्या खड्याचे व्हिडिओ. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही तो पदार्थ बनवून पाहिला. अतिसंवाहकता दिसली नाही. मग कळलं की त्यात कॉपर सल्फाइडची भेसळ राहते, आणि ते साधारण १०४ अंश सेल्सिअसला आपली रचना बदलतं, तेव्हा त्याचा विद्युतरोध एकदम घसरतो. ती घसरण लोकांना अतिसंवाहकता वाटली. भेसळीने निकाल बिघडणं म्हणजे काय, हे आमच्या लाइनमधल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

गंमत अशी की खोडून काढणारे निबंधही त्याच आर्काइव्हवर, तसेच फुकट आले, तेही काही आठवड्यांत. प्रीप्रिंट वाचायचाच असेल तर पानावर आवृत्त्यांचा इतिहास असतो, तो बघा. आणि नंतर तो एखाद्या नियतकालिकात छापून आला का तेही.

दुसरी तपासणी, निबंध मागे तर घेतलेला नाही ना. यासाठी रिट्रॅक्शन वॉच या नावाने चाललेली यादी आहे, २०२३ पासून ती क्रॉसरेफ या संस्थेने सर्वांना खुली केली आहे. पबमेडवर मागे घेतलेल्या निबंधाच्या माथ्यावर ठळक सूचनाच असते. कर्क्युमिनच्या बाबतीत हे बघणं फार गरजेचं, कारण याच विषयात नाव कमावलेल्या अमेरिकेतल्या एका संशोधकाचे वीसहून जास्त निबंध मागे घेतले गेले आहेत. ते निबंध अजूनही ठिकठिकाणी उद्धृत होतात.

वाचायचा कसा

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला जाऊ नका, तिसऱ्या परिच्छेदात झोप येईल. मी आधी सारांश वाचते. मग थेट आकृत्या आणि तक्ते, त्यांच्याखालच्या बारीक ओळींसकट. मग ‘मेथड्स’, म्हणजे नेमकं केलं काय. चर्चेचा भाग सगळ्यात शेवटी, कारण तिथे लेखक आपली बाजू मांडत असतात. आणि तळाशी ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’: पैसे कुणी दिले. कॅप्सूल बनवणाऱ्या कंपनीने दिले असतील तर निबंध फेकायचा नाही, पण चष्मा पुसून पुन्हा वाचायचा.

इंग्रजीची अडचण असेल तर फोनवरचं भाषांतर चालतं, एका खड्ड्यापासून सांभाळा. ‘सिग्निफिकंट’ या शब्दाचं भाषांतर यंत्र ‘महत्त्वपूर्ण’ असं करतं. निबंधात त्याचा अर्थ एवढाच, की हा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कमी आहे. फरक मोठा आहे, किंवा तुमच्या उपयोगाचा आहे, असं तो शब्द म्हणत नाही. वजन दोनशे ग्रॅमने कमी झालं तरी ते ‘सिग्निफिकंट’ असू शकतं.

आता काकूंची हळद. पहिल्या पानावरचे बहुतेक निबंध काचेच्या बशीतल्या पेशींवरचे नाहीतर उंदरांवरचे. ते बाजूला. माणसांवरचा हवा असेल तर पबमेडच्या गाळणीत ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’ निवडायचं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून तुलना केलेली चाचणी. त्यात थायलंडचा २०१२ चा एक निबंध मिळाला, ‘डायबिटीस केअर’मधला, पूर्ण मजकूर फुकट. फॉरवर्डचं मूळ बहुधा हेच. शुगर काठावर असलेली २४० माणसं, निम्म्यांना कर्क्युमिनच्या कॅप्सूल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या, नऊ महिने. शेवटी, औषध नसलेल्या गटात १६.४ टक्के लोकांना मधुमेह झाला. कर्क्युमिनच्या गटात शून्य.

शून्य दिसलं की मी खुर्चीत सरळ बसते. क्यूसीमध्ये शून्य आलं की पेढे वाटत नाहीत. आधी उपकरण तपासतात, मग नमुना परत लावतात. एका ठिकाणी, एका गटाने केलेला हा प्रयोग. दुसऱ्यांनी करून तेच आलं का, हा पुढचा प्रश्न.

त्याआधी ‘मेथड्स’मधला डोस बघू. २५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ तीन-तीन. दिवसाला दीड ग्रॅम कर्क्युमिनॉइड, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याची हळदीतली भावंडं. हळदीत ते साधारण तीन टक्के धरा; वाणागणिक कमी-जास्त होतं. दीड भागिले ०.०३, म्हणजे पन्नास ग्रॅम हळद. मी डबा काढला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर सांगलीची हळद तोलली. लहान चमचा सपाट भरून तीन ग्रॅम. म्हणजे दिवसाला सोळा-सतरा चमचे. आमटीला आपण घालतो पाव चमचा.

म्हणजे निबंध हळदीवर नव्हताच. हळदीतून काढलेल्या एका अर्कावर, एका मात्रेत होता. ‘हळद’ हा शब्द फॉरवर्ड लिहिणाऱ्याने घातला.

मग २०१७ चा ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मधला आढावा वाचला, तोही मोफत. त्याचे लेखक औषधरसायनवाले. ते म्हणतात, कर्क्युमिन अस्थिर आहे, रक्तात फारसं पोचत नाही, आणि प्रयोगनळीतल्या चाचण्यांना चकवतं: ते स्वतःच चमकतं, कशालाही चिकटतं, त्यामुळे परिणाम नसताना ‘आहे’ असं दिसतं. शंभराहून जास्त मानवी चाचण्यांनंतरही औषधशून्य गटाशी नीट तुलना केलेली एकही चाचणी यशस्वी झाली नाही, असं त्यांचं मत. मग थायलंडवाला निबंध कुठे गेला? दोन्ही समोर ठेवले तर पटत नाही. नवख्या वाचकाची इथे पंचाईत होते, आणि तो आपल्याला आवडलेला निबंध धरून ठेवतो. मी अशा वेळी अनेक चाचण्या एकत्र तोलणारे आढावे शोधते, तेही वेगवेगळ्या गटांनी केलेले दोन-तीन. आणि उत्तर ‘अजून नक्की नाही’ आलं तर तेच वहीत लिहिते. औषधगोळ्यांचा निर्णय मात्र निबंध वाचून घ्यायचा नाही. निबंध वाचून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न चांगला तयार होतो, तेवढं खूप झालं.

हळदीवरून आठवलं. जुना निबंध किती कामाला येतो त्याचं उत्तम उदाहरण हळदच आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने, म्हणजे आपल्या सरकारी संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ‘आमची आजी लावायची’ हे तिथे चाललं नसतं, छापील पुरावा लागत होता. दाखल केलेल्या कागदांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेख होता. कुणीतरी तो कपाटातून शोधून काढला.

पहिला निबंध कोणता घ्यावा

सरावासाठी आजारपणाचा विषय घेऊ नका, मन गुंतलेलं असतं. चांद्रयान-३ घ्या. ‘नेचर’मध्ये २१ ऑगस्ट २०२४ ला प्रसिद्ध झालेला निबंध, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या गटाचा, सर्वांना खुला. प्रज्ञान बग्गी चंद्रावर सुमारे १०३ मीटर फिरली आणि तिने २३ ठिकाणी मातीतली मूलद्रव्यं मोजली. ती अपोलो १६ आणि ल्यूना २० ने आणलेल्या मातीशी ताडून पाहिली आहेत. चंद्र कोवळा असताना त्याच्यावर वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, या कल्पनेला हे आकडे कसे धरून आहेत ते निबंधात येतं. निबंध लहान आहे, तक्ते सुटसुटीत आहेत, आणि बातम्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात, त्यामुळे वाट चुकत नाही. मी तो ट्रान्सहार्बरला ठाण्याहून बसले तेव्हा उघडला आणि तुर्भ्यापर्यंत आकृत्या संपवल्या. ऐरोलीला उतरायचं होतं, ते राहिलंच.

दुसरा निबंध घराजवळचा घ्या. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, त्यामुळे तिच्यातल्या चिखलावर, खारफुटीवर, पक्ष्यांवर बरंच लिहिलं गेलंय. नकाशात आपलंच स्टेशन दिसलं की ‘मेथड्स’ आपोआप वाचून होतं. नमुने कुठून घेतले, भरतीला की ओहोटीला, हे प्रश्न आपल्याला सुचतात. परदेशातल्या वाचकाला सुचणार नाहीत.

काकूंना मी पन्नास ग्रॅमचा हिशेब लिफ्टमध्येच सांगितला. त्या दोन मजले गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढी हळद घातली तर आमटी कोण खाणार?” त्यानंतर चार दिवस त्या खाली बागेत चालताना दिसल्या. काल पुन्हा फोन पुढे केला: मेथीदाणे रात्री भिजवून सकाळी.

ट्रायगोनेला फीनम-ग्रेकम. स्पेलिंग कॉपी करूनच घ्या, मला अजून पाठ झालेलं नाही.